कानाच्या वरच्या कडेला गन लावणे थांबवा

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : आपल्या पणजीच्या दालनात कानाच्या कूर्चेवर (वरच्या कडेतल्या लवचीक, हाडासारख्या भागावर) टोचायच्या गनने केलेले पियर्सिंग, त्यातून झालेला जंतुसंसर्ग आणि त्यावर आपण दिलेले उत्तर.

महोदय,

माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने जूनमध्ये आपल्या पणजीच्या दालनात कानाच्या वरच्या कडेला, जिथे पूर्वी बायका बुगडी घालत, टोचून घेतले. आठवडा उलटायच्या आत कान सुजला, ताप चढला आणि इस्पितळात छेद देऊन पू काढावा लागला. निदान झाले पेरिकॉन्ड्रायटिस, म्हणजे कूर्चेवरच्या आवरणाचा जंतुसंसर्ग. पुवाच्या तपासणीत स्यूडोमोनास जंतू निघाले. कान वाचला, पण वरची कड दुमडली आहे आणि ती पूर्वीसारखी होणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. हे सगळे कळवल्यावर आपले उत्तर आले की ग्राहकाने काळजी नीट घेतली नाही, तरीही सदिच्छा म्हणून त्याच जागी मोफत टोचून देऊ. हे उत्तर मला मान्य नाही.

टोचताना मी शेजारी उभी होते. गन प्लास्टिकची होती. आधीच्या गिऱ्हाइकाचे झाल्यावर तिथल्या मुलीने गनच्या तोंडावरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि तीच गन माझ्या मुलीच्या कानाला लावली. स्पिरिटने पुसणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ लागते, आणि प्लास्टिकची गन त्यात घालताच येत नाही. हेपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. रोज अनोळखी माणसांच्या कानांना तीच गन लावणाऱ्या कंपनीला हे ठाऊक असायलाच हवे.

त्यातही कानाची पाळी वेगळी आणि वरची कड वेगळी. पाळी मऊ असते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो, सहा ते आठ आठवड्यांत ती भरते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. म्हणून तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्षही लागते आणि आवरणाखाली पू साचला की कूर्चाच मरते. पोकळ सुई तिथे स्वच्छ वाट कापते. गन स्प्रिंगच्या जोरावर बोथट टॉप आत घुसवते, त्यात कूर्चा चिरडते. ही गन पाळीपुरती असते, हे टोचणाऱ्या मुलीला कोणी शिकवले नव्हते. तिच्यावर माझा राग नाही. तिला शिकवायची जबाबदारी आपली होती.

टॉपची दांडी इतकी आखूड होती की सूज यायला जागाच राहिली नाही. मागचा दाबून बसवायचा पेच कातडीत रुतला. जागा बधिर करून तो सोडवताना माझ्या मुलीने माझा हात किती घट्ट धरला होता, ते मी विसरणार नाही. नव्या छिद्रात आधी लांब दांडी घालतात आणि सूज उतरल्यावर ती बदलून आखूड करतात. पाकिटावर फक्त ‘सर्जिकल स्टील’ एवढेच छापले आहे, दर्जा कुठेच नाही. स्टीलमध्ये निकेल असते आणि कित्येकांना त्याची ॲलर्जी असते. ताज्या जखमेत घालायचा धातू एएसटीएम एफ-१३६ दर्जाचा, म्हणजे शरीरात बसवण्याजोगा, टायटॅनियम असावा.

आता काळजीविषयी. आपले गुलाबी कार्ड माझ्यापुढे आहे. ‘दिवसातून तीन वेळा टॉप फिरवा, स्पिरिटने पुसा.’ माझ्या मुलीने नेमके तेच केले. फिरवल्याने भरत आलेली जखम दर वेळी फाटते आणि स्पिरिट नव्या पेशी जाळते. ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक सलाइन लावायचे, कोरडे ठेवायचे आणि बाकी हात लावायचा नाही, एवढेच त्या कार्डावर असायला हवे होते. रोज स्कूटर चालवतेस का, हेल्मेट कडेला घासेल का, हेही कुणी विचारले नाही. सांजांवला, म्हणजे जूनमधल्या विहिरीत उड्या मारायच्या सणाला, विहिरीत उडी मारली तर चालेल का, असे तिने स्वतःहून विचारले, त्यावर ‘दोन दिवसांनी काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. विहिरीच्या, नदीच्या पाण्यात ताजी जखम बुडवू नये, हे पावसाळ्यात गोव्यात दुकान चालवणाऱ्याने सांगायला नको? तापामुळे ती गेलीच नाही, त्यामुळे विहिरीच्या पाण्याला दोष देता येणार नाही.

आणि ‘त्याच जागी मोफत’ हा आपला प्रस्ताव! आपले पत्र आले तेव्हा कानावर पट्टी होती. जंतुसंसर्ग झालेल्या जागी पुन्हा टोचायचे तर जखम पूर्ण भरून व्रण मऊ व्हावा लागतो, त्याला कित्येक महिने जातात. आधी डॉक्टरांनी जागा पाहावी लागते, आणि व्रणातून न टोचता शेजारी टोचणे बरे. तिला पुन्हा टोचायचे असेल तर तो निर्णय तिचा, पण तो आपल्या दालनात होणार नाही.

उपचारांचा संपूर्ण खर्च आपण द्यावा. बिले, पुवाच्या तपासणीचा (कल्चरचा) अहवाल, पावती आणि आपल्या कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. मात्र माझी मुख्य मागणी पैशांची नाही. आपल्या सर्व दालनांत कूर्चेवर गन वापरणे आजपासून बंद करावे, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया आणि प्रशिक्षित माणूस असेल तिथेच ती सेवा द्यावी, आणि ते कार्ड मागे घ्यावे. हे केल्याचे मला लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि मी ही गोष्ट सोडून देणार नाही.

आपली,
एक ग्राहक
म्हापसा, गोवा