बाबांची बटणं बाबांना लावू दे

बंगळूर,
रविवार, सकाळ

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल सुखरूप पोचले. गाडीत झोप अशी लागलीच नाही, बुधवारची सकाळ सारखी डोळ्यांपुढे येत होती. फोनवर या विषयावर आईला रडू येतं, मग मलाही, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे.

बुधवारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई, म्हणजे आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या, आल्या, तेव्हा मला वाटलं होतं की आल्या आल्या हात वर-खाली करायला लावतील. त्यांनी आधी विचारलं, "काका, करावंसं वाटतं पण होत नाही, असं काय आहे?" बाबा, तुम्ही किती वेळ गप्प होतात! मग म्हणालात, "जमाखर्च लिहिता येत नाही. आणि मंडईत जाता येत नाही." ज्येष्ठात अर्धांगाचा झटका आला, त्याला पाच महिने होत आले. एवढ्या दिवसांत हे तुम्हाला कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ज्या हॉस्पिटलातून घरी सोडलं, तिथे व्यायामाच्या चित्रांचा एक कागद हातात ठेवला, बस्स. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जमाखर्चाला ताईंनी गुण द्यायला लावले. किती महत्त्वाचा? तुम्ही दहापैकी १० म्हणालात. आत्ता किती जमतो? ३. त्यावर समाधान किती? २. ही कॅनडात तयार झालेली पद्धत आहे. काही आठवड्यांनी हेच पुन्हा विचारतात आणि दोन गुणांनी जरी वाढ झाली तरी ती मोलाची धरतात. ते गुण तुम्ही स्वतः देता, हे मला फार पटलं.

मग चहा. "जमेल का?" असं त्यांनी विचारल्यावर तुम्ही लगेच "छे, नाही जमणार" म्हणालात, आणि तरी उठलात. दोन कप पाणी मोजून घेतलंत, डाव्या हाताने गॅस पेटवलात. साखरेचा डबा वरच्या फळीवर. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, डाव्याने डबा उतरवलात, तर झाकण घट्ट. आई, तू पुढे झालीस आणि ताईंनी हलकेच तुझा हात धरला. बाबांनी डबा पोटाशी घेतला, उजव्या कोपराने दाबून धरला आणि डाव्या हाताने झाकण उघडलं. चार दाणे सांडले असतील. आलं किसायचं राहिलं नाही, गॅस बंद करायचाही राहिला नाही. गाळताना सांडशीत पातेलं हललं, तेवढ्यापुरत्या ताई पुढे आल्या.

त्या एका चहात त्यांनी किती पाहिलं! पकड, खांदा, तोल, कामाचा क्रम, लक्ष, अडचण आल्यावर सुचलेली वाट. नंतर यंत्रावर पकडही मोजली: डावा हात २४ किलो, उजवा ९. पण जाताना मला दारात म्हणाल्या, "हाताची ताकद वाढेल. आधी काकांचा अंदाज बदलायला हवा. त्यांना वाटतं त्यापेक्षा त्यांना जास्त जमतंय."

आई, आता तुझ्याशी बोलते. त्यांनी बार्थेलचा तक्ता भरला, तो आठवतो? जेवण, आंघोळ, कपडे, जिना अशी दहा कामं, एकूण १०० गुण. त्यात माणूस काय करू शकेल हे धरत नाहीत, रोज प्रत्यक्ष काय करतो ते धरतात. बाबांना ६५ मिळाले. कपड्यांपाशी तू म्हणालीस, "मीच घालते, ह्यांना फार वेळ लागतो." ते गुण तिथे गेले. तुझ्या मायेबद्दल मला शंका नाही, रात्र रात्र जागलीस तू. पण बटणं त्यांना लावू दे. वीस मिनिटं लागली तर लागू देत. आणि शर्ट घालताना आधी उजवा, दुबळा हात बाहीत, मग डावा. काढताना उलट, डावा आधी. आपण इतके दिवस उजवा हात शेवटी ओढून घालत होतो, खांदा त्यानेच दुखत असणार.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, फिजिओ येतो तर या कशाला? तो हालचाल मोकळी करतो, ताई ती हालचाल तुमच्या दिवसात कामाला लावतात. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघालं. कमला निंबकरांनी सुरू केलं, जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडे आलेल्या. नाव कितीही परकं वाटो, शिक्षण पाऊणशे वर्षं इथलंच आहे.

मंडईचं ताईंनी पायरीपायरीने ठरवून दिलंय. हा आठवडा गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. पुढचा, कोपऱ्यावरून मेथीची एक जुडी, पिशवी डाव्या खांद्याला. मंडई त्यानंतर, तीही दुपारी, गर्दी नसताना. रिक्षाने जा, पायी जायचा हट्ट नको.

जाड पकडीचं पेन मी कुरिअरने पाठवलंय, मंगळवारपर्यंत मिळेल. वहीखाली रबरी मॅट ठेवा म्हणजे ती सरकणार नाही. पहिल्या दिवशी एकच ओळ लिहा: दूध, आणि पुढे रक्कम. अक्षर कसंही येऊ दे, फोटो मात्र मला पाठवा.

आणि आई, साखरेचा डबा आता ओट्यावरच राहू दे. सैल झाकणाचा.

तुमची,
माई