अण्णा, तुमच्या धोट्यातून ई तार वाजतेय

अण्णा, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मी डावरा. घास तेवढा उजव्या हाताने घेतो, ती आजीच्या चापट्यांची कमाई. डावखुरा बेस गिटार आपल्याकडे दुकानात बघायलाही मिळत नाही. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे सत्तरच्या दशकातला जपानी बेस आहे असं कळलं, तेव्हा रात्रीच्या गाडीने जाऊन घेऊन आलो. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने 1951 साली काढलेल्या प्रिसिजन बेसची ही नक्कल. जपानी कारखाने तेव्हा अशा नकला सर्रास करायचे, आणि झकास करायचे. अंग डावखुरं, पण आधीचा मालक उजवा. त्याने तारा उलट्या चढवून नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारांच्या खाचा असलेली पट्टी, तीही तशीच कापून घेतलेली. मी माझ्या बाजूने तारा लावल्या तर बारीक जी तार ईच्या रुंद खाचेत लोळायची, करकरायची. जाड ई जीच्या खाचेत शिरेचना. एका दुकानदाराने सल्ला दिला, "उजव्या हाताने शिका, सोपं पडेल."

अशोक चौकात तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात मी खरं तर ॲम्प्लिफायरची घरघर घेऊन आलो होतो. तुम्ही बेस मांडीवर घेतलात, व्हॉल्यूमचं बटण फिरवलंत. जरा हललं की आवाज उसळायचा, पुढे कितीही फिरवा, फरक शून्य. मला वाटायचं, जुनं वाद्य, असंच असणार. "लॉग पॉट उलटा जोडलाय कुणीतरी," तुम्ही म्हणालात. पॉट म्हणजे बटणाखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग; लॉगमध्ये रोध एका टोकाला हळू आणि दुसऱ्या टोकाला झपाट्याने बदलतो, लिनियरमध्ये सगळीकडे सारखा. "अडीचशे किलोओहमचा लिनियर टाकू. त्याला डावं-उजवं कळत नाही."

मग नट. माळ्यावरून वडिलांचा तुटका धोटा काढलात. मी नको नको म्हणत होतो. "माग कधीच विकला, हा आता काय विणणार?" म्हणत तुम्ही करवत लावलीसुद्धा. पुढच्या दोन दुपारी नुसती कानस. खाचेत तार ठेवायची, उचलायची, फुंकर मारायची, पुन्हा दोन हात. ईसाठी अडीच मिलिमीटरहून थोडी जास्त, जीसाठी त्याच्या निम्म्याहून कमी. घाई केली असती तर खाच खोल गेली असती आणि पट्टी फुकट.

पहिल्यांदा मोकळी ई छेडली तेव्हा काउंटरवरच्या डबीतले स्क्रू नाचले. 41 हर्ट्झ, इतका खर्जातला सूर, अण्णा! तुम्ही मात्र मान तिरकी करून पुन्हा वाजवायला लावलंत. पैसे घेतलेत फक्त पॉटचे.

पहिल्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या तारेला, ई अजून किंचित घरघरते. कोरड्या उन्हाने बेसची मान मागे वाकलीय, पाऊस पडू दे, मग मानेतल्या ट्रस रॉडला, तिचा बाक ठरवणाऱ्या सळईला, हात लावू, असं तुम्हीच म्हणाला होता. तर दोन सरी झाल्या की येतो. ॲम्पही आणतो, तो त्या गडबडीत तसाच राहिला.

तुमचा डावरा