प्रार्थनेत मला धरून ठेवणाऱ्यांचे आभार

येशूची सुवार्ता सांगण्याच्या कामावर असताना टायफॉइडने मला अंथरुणाला खिळवलं. भेटी बंद पडल्या, मनही खचलं. तेव्हा दुसऱ्या मंडळीतल्या, म्हणजे दुसऱ्या चर्चमधल्या, काही जणांनी आपसांत तास वाटून घेतले आणि रात्रभर आळीपाळीने माझ्यासाठी प्रार्थना केली. त्यांतल्या एका मावशींचा फोन आला. "तुमच्या तब्येतीचं देवाला सांगितलंय. आता ज्यांना भेटायला जात होता, त्यांची नावं सांगा." मी एकेक नाव घेत होतो, त्या वहीत लिहून घेत होत्या. एका आजारी मुलाचं नाव नीट ऐकू आलं नाही, तर पुन्हा विचारलं. बायबलमध्ये, तुरुंगातून प्रेषित पौलानेही इफिसकरांकडे, म्हणजे इफिस शहरातल्या विश्वासणाऱ्यांकडे, प्रार्थनाच मागितली होती, तीही धैर्याने बोलता यावं म्हणून. ते धैर्य मला तुमच्यामुळे मिळालं. मावशी, आणि जागलेले तुम्ही सगळे, मनापासून आभार. भेटी पुन्हा सुरू झाल्यात. प्रार्थना चालू राहू द्या.