पहिलीच्या वर्गाला तीन रंग आणि घोटीव कागद द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवतो. वेळापत्रकात कलेचा तास आहे. पण निपुण भारत अभियानाच्या, म्हणजे वाचन-गणिताच्या, चाचण्या तोंडावर आल्या की तो भाषा-गणिताकडे जातो. उरलाच तर कमळ, तिरंगा, डोंगरामागचा सूर्य अशी छापील चित्रं वाटायची आणि मुलांनी ती रंगवायची. रंग रेषेबाहेर गेला नाही की शाबासकी. यातून हात वळतो, डोळा मात्र तयार होत नाही.

प्राथमिकच्या मुलांना रंग आणि आकार एकमेकांवर कसे परिणाम करतात हे शिकवायला हवं, एवढंच मला सांगायचं आहे. त्याला साहित्यही फार लागत नाही. राखाडी घोटीव कागदाचे दोन सारखे चौकोन कापायचे, एक काळ्या कागदावर ठेवायचा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा गडद. मुलांना ते पटत नाही. ती दोन्ही चौकोन उचलतात, एकमेकांवर ठेवून पाहतात, खात्री झाली की पुन्हा जागेवर ठेवतात आणि फरक पुन्हा दिसतो! मग नारिंगी घ्यायचा, लालवर आणि पिवळ्यावर. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत आणि नंतर अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणारे चित्रकार योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांकडून असा अभ्यास रंगीत कागदांवरच करून घेत, कारण कागदाचा रंग प्रत्येक वेळी तोच राहतो. स्वतः त्यांनी १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू होईपर्यंत चौकोनात चौकोन रंगवले.

रंग मिसळण्याचंही तसंच. 'लाल आणि निळा मिळून जांभळा' असं आपण फळ्यावर लिहितो. पेटीतला लाल बहुधा शेंदरी झाकेचा असतो, त्यामुळे मुलाच्या ताटलीत मळकट तपकिरी होतं आणि आपलंच चुकलं असं त्याला वाटतं. त्याच निळ्यात राणी रंग घातला की स्वच्छ जांभळा मिळतो. म्हणून बारा वड्यांच्या पेटीपेक्षा राणी, पिवळा आणि निळा हे तीनच रंग मुलांच्या हाती द्यावेत. आईच्या साडीचा आमसुली, मोरपंखी, अबोली कसा करायचा हे मग ती स्वतः शोधतात, आणि त्या शोधात वर्ग तासभर रमतो.

अशी नुसत्या आकारांची, भौमितिक अमूर्त चित्रं लहानांना झेपणार नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी वारली चित्रं आठवावीत. त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन एवढ्यातून तिथे नाचणारं अख्खं गाव उभं राहतं. चित्रकार सय्यद हैदर रझा पुढे नागपूरच्या कला विद्यालयात आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले; पण त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिंदूचं मूळ मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेत आहे. लक्ष विचलित होणाऱ्या त्या मुलाला गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत राहायला सांगितलं होतं. ही गोष्ट रझा स्वतः सांगत.

आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची चांगली परंपरा आहे, पण ती माध्यमिकच्या उंबरठ्यावर सुरू होते. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, तीही सहावी ते आठवीला आणि पट शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीला कोणीच नाही. म्हणजे नजर सर्वांत ताजी असते त्या वयात शिकवणारा माणूस नसतो.

तेव्हा विनंती अशी: कलेचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये, असं परिपत्रक काढावं. शाळा अनुदानातून घोटीव कागद आणि रंग घेण्यास स्पष्ट मान्यता द्यावी. जवळच्या हायस्कूलच्या चित्रकला शिक्षकांना आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत बोलावून आम्हा प्राथमिक शिक्षकांकडून हे प्रयोग प्रत्यक्ष करून घ्यावेत. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी भिंतीवर लावलेल्या चित्रांपेक्षा मुलांनी कागद कापून, मांडून काय पाहिलं ते मुलांनाच विचारावं.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक