फाईलचं नाव अन् माझ्या वाया गेलेल्या दोन रात्री

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत कॉम्प्युटरचं जे येतं ते सगळं एआयच एआय, पण आमच्या आर्वी तालुक्यातल्या पोट्ट्यांनी प्रोग्रामिंगला हात कुठून घालायचा ते काही येत नाही, म्हणून लिहून राहिलो. जुना लॅपटॉप अन् मोबाईलचं हॉटस्पॉट एवढ्यावर होते अशी एक गोष्ट, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली रिच नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड. टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाईप करतात त्या काळ्या स्क्रीनवरच्या अक्षरांना रंग देते, ठळक करते, टेबल काढून देते.

मी घरच्या कापसाचा हिशोब पायथनमध्ये ठेवतो. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, पण ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कटती अन् १२ च्या वर गेला की माल घेतच नाहीत. मग ८ पर्यंत हिरवा, १२ पर्यंत पिवळा, पुढं लाल असं केलं. बाबांनी पाहिलं, "हे लाल कायले बे?" म्हटलं, ही गाडी वापस येईन, आधी वाळवा. आकडे कधी वाचत नाहीत, रंग मात्र लगेच समजला.

करायचं इतकंच, टर्मिनलवर पिप इन्स्टॉल रिच म्हणजे लायब्ररी उतरते, मग फाईलीत रिचमधून प्रिंट इम्पोर्ट, म्हणजे बोलवून घ्यायचं, अन् मजकुराच्या आधी चौकोनी कंसात रेड, नंतर कंसात तिरपी रेघ. आतमध्ये ती एस्केप कॅरेक्टर (स्क्रीनवर न दिसणारं खुणेचं अक्षर), चौकोनी कंस, ३१ अन् एम असं टर्मिनलला पाठवते, ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, शून्य म्हणजे पहिल्यासारखं. हे हातानं लिहिलं अन् शून्य विसरलं तर पुढचं सगळं लालच लाल. १९७८ चं व्हीटी१०० टर्मिनलही असेच कोड समजायचं, म्हणजे यात नवीन काहीच नाही.

आता माझा येडेपणा. पहिल्या फाईलचं नावच मी रिच डॉट पीवाय ठेवलं, म्हणजे लायब्ररीचंच नाव. पायथन लायब्ररी सोडून माझीच फाईल इम्पोर्ट करे अन् सर्क्युलर इम्पोर्टची, म्हणजे फाईल स्वतःलाच बोलवून राहिली अशी, एरर फेके, दोन रात्री गेल्या, त्यात लाईनही गेली, तालुक्याच्या एका क्लासवाल्या सरांना विचारलं तर म्हणे लॅपटॉप फॉरमॅट मार. नाव बदललं, झालं. दुसरं असं की टेबलात देवनागरी टाकली तर माझ्याकडं काना-मात्रांमुळं रेघा वाकड्या झाल्या, म्हणून गावांची नावं रोमनमध्ये टाकली, ते मनाला काही पटलं नाही.

असल्या बारक्या चुका मराठीत कोणी लिहीत नाही साहेब. आठवड्यातून चार ओळींची जागा द्या, एका एररला एक उत्तर. शेजारच्या पोट्ट्याले मी शिकवून राहिलो, त्यानं पहिल्याच दिवशी सगळा हिशोब गुलाबी करून ठेवला.

तुमचा एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा