अर्जातलं रिस्ट्रिक्टिव्ह

मनू,

हॉस्टेलचं गेट नऊला बंद होतं, त्याबद्दल वॉर्डनबाईंना द्यायच्या अर्जाचा फोटो मिळाला. मुद्दा एकदम बरोबर आहे तुमचा, पण दुसऱ्याच ओळीत तू लिहिलंयस की आम्ही हॉस्टेलच्या मुली फार रिस्ट्रिक्टिव्ह आहोत, वॉर्डनबाई म्हणतील बरं झालं स्वतःच कबूल केलंत! अगं रिस्ट्रिक्टिव्ह असतो तो नियम, अडवणारा तो. ज्याला अडवलंय ते रिस्ट्रिक्टेड. आपली गुजरातची दारूबंदीच घे ना, कायदा जुन्या मुंबई राज्याचा, 1949चा, 1960ला गुजरात वेगळं झालं तरी इथे राहिलाच, तर तो कायदा रिस्ट्रिक्टिव्ह आणि दारूची विक्री रिस्ट्रिक्टेड, परमिट दाखवा नि घ्या. (काका पुण्याहून आले की यावर तासभर ऐकवतात, तुला माहितीये.) अर्जात मात्र दुसरं उदाहरण घाल हं.

वॉर्डनबाईंबद्दल लिहायचंच असेल तर स्ट्रिक्ट म्हण, त्यात थोडं कौतुकही येतं, शिस्तीच्या बाईंना आपण स्ट्रिक्ट म्हणतोच की. रिस्ट्रिक्टिव्हमध्ये कौतुक बिलकुल नाही, ती सरळ तक्रार आहे, म्हणून ती नियमावर करायची, बाईंवर नाही. आणि खाली कुणीतरी ऑप्रेसिव्ह घुसडलंय ते आधी काढा, नऊला गेट बंद होतं म्हणजे काय इंग्रजांचं राज्य आलं का?

बरं, नुसतं टू रिस्ट्रिक्टिव्ह लिहून पण भागत नाही, नक्की काय अडतं ते लगेच पुढे लिही, म्हणजे लायब्ररी अकराला बंद होते पण गेट नऊला, त्यामुळे ज्यांच्याकडे स्वतःची पुस्तकं नाहीत त्यांचं परीक्षेच्या दिवसांत काय होतं ते. लॉवाल्या मैत्रिणीने राज्यघटनेतलं स्वातंत्र्याच्या हक्कांचं कलम 19 टाकायला सांगितलंय, टाका, पण त्याच कलमात पुढे वाजवी निर्बंध घालता येतात असंही आहे, बाई तेवढंच वाचून दाखवतील. त्यामुळे भर कशावर द्यायचा, तर निर्बंध आहे यावर नाही, तो वाजवी का नाही यावर.

सह्या घ्यायच्या आधी नवीन मसुदा मला पाठव, बाबांना नको, ते पानभर करतील त्याचं.

भाकरवडी कुरियर केलीये, आपली बडोद्याचीच. तिथे हॉस्टेलवर कुणी ‘भाकरवडी नाही, बाकरवडी’ म्हणून चुका काढल्या तर भांडू नकोस, खाऊ घाल.

आई