विषय: टाकी फुल केली की गाडी थरथरते, आणि तुमच्या मते चूक माझी

प्रति,
प्रमुख, ग्राहकसेवा विभाग

काल दुपारी तुमच्याकडून फोन आला, "मॅडम, तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद केली आहे." समाधान नेमकं कुणाचं झालं हे विचारेपर्यंत पलीकडून फोन ठेवलासुद्धा. म्हणून आता लेखी.

गाडी पेट्रोलची, २०२३ ची, ३१ हजार किलोमीटर झालेली, वॉरंटीत. टाकी फुल केली की पंपावरच तीन-चार सेल्फ खाते, चालू झाली की मिसिंग मारते, जागेवर थरथरते, कच्च्या पेट्रोलचा वास येतो. दोन-तीन किलोमीटर गेलं की जणू काही झालंच नाही. पाचशेचं पेट्रोल टाकलं तर काहीही होत नाही. एवढं ऐकल्यावर बॉनेटखाली पहिला हात कुठं घालायचा हे मी तुम्हाला सांगायला नको. गाडी तुम्हीच बनवलीय.

पण तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला ते कुणीतरी सांगायला हवं होतं. पहिल्या खेपेला निदान "पेट्रोलमध्ये भेसळ", म्हणून प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला "इथेनॉलचा त्रास, सगळ्यांनाच आहे", म्हणून इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई. मिळून ₹९,८४०, कारण "इंधनामुळे आलेला दोष वॉरंटीत बसत नाही". आता त्याच जॉबकार्डवर त्यांच्याच स्कॅनरनं काढलेला कोड वाचा: पी०१७२, मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यानं मिश्रण झुकलंच तर उलट लीनकडे, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याकडे झुकेल. आणि भेसळीचं पेट्रोल दोन किलोमीटरवर आपोआप शुद्ध होतं का? चार वेगवेगळ्या पंपांच्या पावत्या मी दाखवल्या. टाकीच्या झाकणाआड ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं असं सांगणारं स्टिकर कुणी चिकटवलंय? मी नाही.

तिसऱ्या खेपेचा संवाद मात्र शब्दशः देते, कारण तो झोपेतही आठवतो. गाडी दोन दिवस ठेवून घेतली होती. सर्व्हिस ॲडव्हायझर हातात टॅब घेऊन आले.

"मॅडम, पेट्रोल किती भरता?"

"फुल."

"फुल का करता?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "टाकी आहे म्हणून."

"अर्धी भरत जा ना. अर्धीला त्रास होत नाही ना? मग झालं तर."

मी विचारलं, कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ती वाफ इंजिनात सोडणारी झडप, तपासलात का? यावर ते हसले. "सरांचा नंबर द्या, त्यांना टेक्निकल समजावून सांगतो." सर म्हणजे माझे मिस्टर. त्यांना गाडी चालवता येत नाही. कऱ्हाड-सातारा रोज मी चालवते. मग शेवटचं अस्त्र: नोझल आपोआप बंद झाल्यावरही (कट-ऑफ) पंपवाला ओतत असणार. तसं केलं की कॅनिस्टरमध्ये पेट्रोल जातं हे मलाही ठाऊक आहे, म्हणूनच पहिल्या 'टक' आवाजाला मी नोझल काढायला लावते. हे तिन्ही वेळा सांगितलं होतं, तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली होती.

मी म्हटलं, अर्ध्या टाकीचं लिहून द्या. आणि त्या भल्या माणसानं लिहून दिलं! "ग्राहकास टाकी अर्धी ठेवण्याचा सल्ला दिला. गाडी ओके." फोटो सोबत जोडलाय, फ्रेम करून रिसेप्शनला लावा. तुमच्या जाहिरातीत हीच गाडी एका टाकीत मुंबईहून गोव्याला जाते. आम्ही चिपळूणलाच उतरायचं का?

मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या फिटरकडे गेले. त्याच्याकडे टॅब नाही, एसी नाही. थंड इंजिन चालू केलं, व्हॉल्व्हला कॅनिस्टरकडून येणारी नळी काढली, व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा ठेवला. ओढत होतं. व्हॉल्व्ह काढून, करंट नसताना फुंकून पाहिला, हवा आरपार. "ताई, हा उघडाच अडकलाय. टाकी भरताना दाबली जाणारी वाफ सगळी इंजिनात जाते. गाडी गुदमरणार नाही तर काय?" दहा मिनिटं. व्हॉल्व्ह ₹१,४५०, मजुरी ₹२००. त्यानंतर सहा वेळा टाकी फुल केली, एकदाही हूं नाही की चूं नाही.

आणि कालच्या फोनवर मला हेही ऐकवलं की बाहेर काम केल्यानं वॉरंटी धोक्यात आलीय. तुम्ही तीन खेपांत जे केलं नाही ते बाहेर करून घेतलं, हा माझा गुन्हा!

आमच्या घरातली ही तुमची तिसरी गाडी. पहिली बाबांनी सतरा वर्षं वापरली आणि विकताना डोळे पुसले. चौथी घेताना आता दहा वेळा विचार करीन. खरं तर एकदाही करणार नाही.

₹११,४९० परत हवेत, वॉरंटी शाबूत असल्याचं लेखी पत्र हवं, आणि "टाकी अर्धी भरा" हा तुमचा अधिकृत सल्ला आहे की नाही याचं उत्तर हवं. पंधरा दिवस थांबते. नाहीतर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, तेव्हा तारखांना तुम्हालाच साताऱ्याला यावं लागेल. येताना टाकी अर्धीच भरा.

जुना व्हॉल्व्ह श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवलाय. खात्री करायची असेल तर कुणालाही पाठवा, फुंकून दाखवते.